दुबई, दोहा की सिंगापूर? गे असाल तर ऑफर लेटर असंही वाचा

पगार, घरभाडं, वर्षाला एक तिकीट हे सगळेच बघतात. आपल्याला तिथलं फौजदारी कलमही बघावं लागतं. भारतात २०१८ पासून समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, पण विमानातून उतरलं की तो निकाल कामाचा नाही. वकिलातही तिथल्या कायद्यातून सोडवू शकत नाही.

"दुबईत सगळं चालतं," असं सांगणारे बहुतेक चार दिवस फिरून आलेले असतात. हॉटेलात दोन पुरुषांनी एक खोली घेतली तर सहसा कुणी विचारत नाही, हे खरं. नोकरदाराचं तसं नाही. संबंध तिथे गुन्हाच आहेत, गे डेटिंग ॲप बंद आहे आणि ते चालवायला व्हीपीएन, म्हणजे बंदी चुकवणारं ॲप, वापरलं तर तो गैरवापर हा वेगळा गुन्हा. रहिवासी व्हिसाच्या रक्ततपासणीत एचआयव्ही निघाला तर परत पाठवणी. त्यात सुरुवातीला बेड-स्पेस, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत फक्त एक पलंग भाड्याने, घेऊन राहणार असाल तर खरी भीती पोलिसांची कमी, रूममेटची जास्त. भाड्यावरून भांडण झालं, त्याने तुमचा फोन बघितलेला आहे, एवढं पुरतं. खटला पुढचा, आधी नोकरी जाते आणि तिच्यासोबत व्हिसा. घरी माहीत नसेल, तर अचानक परत का आलात याचं उत्तर आईबाबांना काय देणार?

दोहा मी सरळ बाद करेन. पुरुषांमधल्या संबंधांना सात वर्षांपर्यंत कैद आहे. २०२४ मध्ये तिथे नोकरी करणाऱ्या एका ब्रिटिश-मेक्सिकन माणसाला अटक झाली. ॲपवरच्या खोट्या प्रोफाइलने त्याला जाळ्यात ओढलं, असं घरच्यांचं म्हणणं. शिक्षा झाली ती अमली पदार्थांच्या कलमाखाली: सहा महिने स्थगित कैद, दंड आणि हद्दपारी. त्याच्या बाजूने ब्रिटनमध्ये आवाज उठला. आपल्यासाठी कोण उठवणार?

सिंगापूरने ३७७ए हे कलम २०२२ मध्ये रद्द केलं. म्हणजे तुरुंगाची भीती गेली, बरोबरीचा हक्क मात्र मिळाला नाही. 'पिंक डॉट' या तिथल्या एलजीबीटी मेळाव्यातही वर्क व्हिसावाल्याला प्रवेश नाही, तो नागरिक आणि कायम रहिवाशांपुरता. तरी पगार थोडा कमी असला तरी मी हेच घेईन.

पार्टनरला सोबत न्यायचं असेल तर जोडीदाराचा व्हिसा तिघांपैकी कुठेच नाही, परदेशात लग्न केलं असलं तरी. त्याला स्वतःची नोकरी शोधावी लागेल. ती सिंगापूरमध्ये मिळाली, तर निदान एकाच घरात राहणं हा गुन्ह्याचा पुरावा ठरत नाही.