हातात धरायचा मिल्क फ्रॉदर: घरच्या टी लॅटेसाठी कितपत कामाचा?

सेलवर चालणारा मिल्क फ्रॉदर हे अगदी साधे उपकरण आहे. मुठीत सहज बसणारा दांडा, त्यात दोन पेन्सिल सेल आणि एक छोटी मोटर, मोटरला जोडलेली पोलादाची बारीक सळई आणि सळईच्या टोकाला स्प्रिंगची वेटोळी गुंडाळलेले एक कडे, एवढाच त्याचा संसार. हे कडे वेगाने फिरते, दुधात हवा ओढून घेते आणि त्या हवेचे बारीक बुडबुडे करते. गोड, फेसाळ टी लॅटे, म्हणजे कडक चहावर गरम, फेसाळलेले दूध ओतून केलेले पेय, घरी करायची इच्छा असेल आणि एका वेळी एक किंवा दोनच कप लागणार असतील, तर हे उपकरण घेण्यासारखे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याच्याकडून नेमके कोणते काम अपेक्षित आहे आणि कोणते काम चहाने व दुधाने करायचे आहे, हे आधी समजून घेतले नाही, तर पहिल्या आठवड्यातच ते स्वयंपाकघरातल्या एखाद्या खणात जाऊन पडते.

घरच्या टी लॅटेबद्दलची सर्वांत मोठी तक्रार फेसाची नसतेच. ती पाणचट चवीची असते, आणि तिचा दोष फ्रॉदरच्या माथी मारण्यात अर्थ नाही. लॅटेमध्ये निम्मे किंवा त्याहून अधिक दूध असते, आणि चहाला तुरटपणा देणारे घटक दुधातल्या प्रथिनांना चिकटत असल्यामुळे तो तुरटपणा बराच मवाळ होतो. त्यामुळे नेहमीच्या कपासाठी केलेला चहा इथे हमखास फिका पडतो. साधारण १२० मिलिलिटर पाण्याला ४ ते ५ ग्रॅम काळा चहा किंवा चहाच्या दोन पिशव्या घ्याव्यात, पाणी चांगले उकळलेले असावे आणि भांडे झाकून चहा ४ ते ५ मिनिटे मुरू द्यावा. चहा अधिक कडक हवा असल्यास वेळ न वाढवता चहाचे प्रमाण वाढवावे, कारण जास्त वेळ मुरलेल्या चहाचा कडवटपणा दूध आणि साखर घालूनही पुरता झाकला जात नाही. दाणेदार सीटीसी चहा (पाने यंत्रात चिरडून, फाडून आणि वळवून केलेला) लवकर उतरतो आणि गडद रंग देतो. अखंड पानांच्या चहाचा सुगंध नाजूक असतो, पण दुधापुढे तो बहुधा टिकत नाही. याला एक सुंदर अपवाद म्हणजे अर्ल ग्रे. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाचा सुगंध त्याला दिलेला असतो आणि तो फेसातूनही नाकापर्यंत पोहोचतो. हे तेल म्हणजे फळाचा आंबट रस नव्हे, त्यामुळे दूध फाटण्याची धास्ती बाळगायचे कारण नाही. अर्ल ग्रे, व्हॅनिला आणि फेसाळ दूध यांचे ‘लंडन फॉग’ हे पेय याच जोडीवर उभे आहे, आणि फ्रॉदर हाती आल्यावर सर्वप्रथम तेच करून पाहावे, असे मी आवर्जून सांगेन.

आता दुधाकडे वळू, कारण या उपकरणाचा खरा कस तिथे लागतो. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिने. प्रत्येक बुडबुड्याभोवती त्यांचा पातळ पडदा तयार होतो. स्निग्धांश या पडद्याला कमकुवत करतो, म्हणून साय काढलेल्या दुधाचा फेस भरपूर आणि ताठ होतो, पण तोंडात तो कोरडा लागतो. पूर्ण स्निग्धांशाच्या दुधाचा फेस कमी येतो, पण तो मऊ आणि दाट असतो. चहाबरोबर मला हा दुसरा फेस निःसंशय अधिक आवडतो. दुधाचे तापमान ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे. तापमापक नसेल, तर पातेल्याच्या कडेने बारीक बुडबुडे दिसू लागताच आणि वाफ वर येऊ लागताच आच बंद करावी. कोमट दुधातला स्निग्धांश अर्धवट वितळलेला असतो आणि तो फेस मोडतो, तर उकळलेल्या दुधाला शिजल्याची चव येते. शिवाय उकळलेल्या दुधावरची साय कड्याच्या वेटोळ्यांत अडकते आणि फेस गुठळ्यांचा होतो. असे दूध वापरायचेच असेल, तर ते आधी गाळून घ्यावे. शिळेपणाकडे झुकलेले दूध प्यायला ठीक वाटले, तरी त्याचा फेस पटकन बसतो. फेस अचानक नीट येईनासा झाला, तर सेल बदलण्यापूर्वी दूध बदलून पाहावे.

घुसळण्याची पद्धत थोडी सविस्तर सांगतो. उंच, अरुंद भांडे घ्यावे आणि ते निम्म्याहून कमी भरावे. कडे दुधात बुडवल्यावरच बटण दाबावे आणि बटण सोडल्यावरच कडे बाहेर काढावे. हा क्रम उलटला की दुधाचे शिंतोडे भिंतीपर्यंत जातात. भांडे किंचित तिरके धरून कडे पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवले, की आधी खळखळ ऐकू येते आणि मोठे, पारदर्शक बुडबुडे उठतात. दूध वर चढू लागते तसा आवाज घुमल्यासारखा, दबका होतो. हीच कडे खाली नेण्याची खूण. तळाशी नेऊन आणखी थोडा वेळ फिरवल्यास मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात आणि पृष्ठभागाला मंद चकाकी येते. मग भांडे ओट्यावर दोनदा हलकेच आपटून गोल फिरवावे. हे सगळे अर्ध्या मिनिटात उरकते. याहून जास्त घुसळल्यास फेस कडक होऊन दुधापासून वेगळा पडतो आणि कपात तो टोपीसारखा तरंगत राहतो, चहात मिसळत नाही. दूध ओतताना फेस चमच्याने अडवावा, आधी गरम दूध चहात जाऊ द्यावे आणि मग फेस वर सोडावा.

साखर चहात, तो गरम असतानाच विरघळवावी, हे तर झालेच. पण सगळी साखर चहात गेली, तर पहिला घोट बिनसाखरेच्या फेसाचा येतो, पेय अगोड वाटते आणि हात पुन्हा साखरेकडे जातो. म्हणून साखरेचा साधारण चौथा हिस्सा दुधात विरघळवून मग ते घुसळावे. एकूण साखर न वाढवता गोडी पहिल्या घोटापासून लागते. व्हॅनिलाचे थेंबही दुधातच घालावेत. गोड आटवलेले दूध वापरायचे असल्यास ते मात्र चहात मिसळावे, कारण दाटपणामुळे ते फ्रॉदरच्या छोट्या मोटरवर भार टाकते, आणि ते घातल्यावर वेगळी साखर लागत नाही.

उपकरणाच्या उणिवा आता सांगायला हव्यात. या प्रकारच्या बहुतेक साध्या फ्रॉदरना एकच वेग असतो, त्यामुळे सुरुवातीला हळू आणि नंतर जलद अशी सोय मिळत नाही. सळई लांब आणि बारीक असल्याने ती थोडी जरी वाकली, तरी सगळा दांडा थरथरतो आणि कडे भांड्याला आपटू लागते. पुन्हा चार्ज होणारे नेहमीचे सेल घातल्यास प्रत्येकी १.५ ऐवजी १.२ व्होल्ट मिळतात, आणि दाट दुधात हा फरक लगेच जाणवतो. पाहुण्यांसाठी चार कप करायचे म्हणजे चार वेळा घुसळणे आले, आणि चौथा कप होईपर्यंत पहिल्याचा फेस बसलेला असतो. इतक्यांसाठी फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीदार दट्ट्या असलेले कॉफीचे भांडे, अधिक सोयीचा: गरम दूध त्यात एक तृतीयांशापर्यंत भरून दट्ट्या भराभर वरखाली केला, की एकदम पुष्कळ आणि तुलनेने एकसारखा फेस मिळतो. विजेवर चालणारे फ्रॉदरचे भांडे दूध तापवते आणि घुसळतेही, पण ते ओट्यावर कायमची जागा अडवते. एस्प्रेसो यंत्राच्या वाफेच्या नळीने होणारा, ओला आणि रेशमी फेस यांपैकी कशानेही हुबेहूब साधत नाही. लॅटेवर नक्षी काढण्याची हौस असणाऱ्यांनी या खरेदीकडून ती आशा ठेवू नये. झाकण लावलेल्या बरणीत गरम दूध हलवून फेस काढण्याचा उपायही सांगितला जातो, पण वाफेच्या दाबाने झाकण उडून हात भाजू शकतो, त्यामुळे मी तो मुळीच सुचवणार नाही.

वनस्पतिजन्य दुधांपैकी ओटचे, विशेषतः कॅफेतल्या वापरासाठी मुद्दाम बनवलेले दूध उत्तम फेसाळते. सोयाच्या दुधात प्रथिने चांगली असतात, पण कडक आणि फार गरम चहात ते कधी कधी फुटते, तेव्हा चहा थोडा निवू द्यावा. बदामाच्या दुधाचा फेस क्षणभरच टिकतो.

स्वच्छतेला वेळ लागत नाही, पण ती त्याच क्षणी व्हायला हवी. पेल्यात गरम पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घेऊन त्यात कडे काही सेकंद फिरवावे आणि मग साध्या पाण्यात पुन्हा फिरवावे. वेटोळ्यांत वाळलेले दूध नंतर घासूनही पूर्ण निघत नाही आणि त्याला वास येऊ लागतो. दांडा मात्र पाण्याखाली धरू नये, कारण मोटर आणि सेल तिथेच असतात. बरेच दिवस वापर होणार नसेल, तर सेल काढून ठेवावेत; ते पाझरले की आतले संपर्क गंजतात आणि उपकरण निकामी होते. विकत घेताना बटण अंगठ्याखाली सहज येते का आणि सळई सरळ फिरते का, हे पाहावे. कडे वेगळे काढून धुता येत असेल आणि उभे ठेवायला स्टँड मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे मोजावेत, कारण खणात इतर वस्तूंखाली दबलेली सळई फार काळ सरळ राहत नाही.