तेरा संघांची बॅग की हुबळीची हजेरी?

माझ्या भाच्यापुढं सध्या दोन वाटा आहेत. एक हुबळीची, रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या बास्केटबॉल ट्रायलची. दुसरी मोबाइलवरून आलेली, परदेशातल्या कुठल्याशा लीगमध्ये "जागा नक्की" म्हणणाऱ्या एजंटाची. पोरगा वीस वर्षांचा, उंची सहा फूट एक इंच, बेळगावच्या टिळकवाडीत सिमेंटच्या कोर्टवर गुडघे सोलून घेत शिकलेला. "मामा, काय करू सांगा की," म्हणतो. खानापूर-निपाणीकडंही असे दोन-चार जण असतीलच, म्हणून त्याला सांगितलं ते इथं लिहितोय.

आधी बॅगवाले, म्हणजे बॅग उचलून एका संघातून दुसऱ्या संघात जाणारे. इश स्मिथ हे नाव आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही, खरं भाच्यानं पाहावा असा खेळाडू तोच. उंची जेमतेम सहा फूट. एनबीए ही अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यांत मोठी लीग; तिचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या २०१० च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. तरी तो २०२३ पर्यंत टिकला आणि तेरा वेगवेगळ्या संघांकडून खेळला. एनबीएत एवढे संघ दुसऱ्या कुणीच केले नव्हते. ह्यूस्टनपासून सुरुवात, डेट्रॉइटमध्ये सलग तीन हंगाम म्हणजे त्याच्या हिशेबानं बिऱ्हाडच, आणि शेवटी डेन्व्हरकडं असताना २०२३ चं विजेतेपद. स्टार तो कधीच नव्हता. चेंडू झपाट्यानं पुढं नेणारा, बाकावरून उठून दहा-पंधरा मिनिटं संघ सांभाळणारा गडी, आणि असा माणूस प्रत्येकाला कधी ना कधी लागतोच.

जेरेमी लिनही त्याच ड्राफ्टमध्ये नाकारलेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्याच्या सोफ्यावर झोपत होता. त्याच महिन्यात लेकर्सविरुद्ध त्यानं ३८ गुण काढले आणि जगभर नाव झालं. पुढं ह्यूस्टन, लेकर्स, शार्लट, ब्रुकलिन, अटलांटा, टोरोंटो, मग बीजिंग, मग तैवान. निवृत्त झाला २०२५ मध्ये, न्यू तायपेई किंग्जकडून. फरक बघा: स्मिथ एकाच लीगमध्ये घरं बदलत राहिला, लिननं लीग आणि देशच बदलले. दुसरं जास्त अवघड, असं मला वाटतं. भाषा, जेवण, नियम, पंच, सगळंच नव्यानं.

या दोघांचं कौतुक करताना दहा दिवसांचा करार विसरायचा नाही. एनबीएत जानेवारीपासून संघ खेळाडूला दहा दिवसांपुरता घेऊ शकतो. एका हंगामात एकाच संघाकडून असे दोनच करार, त्यानंतर ठेवायचं तर हंगामभर, नाहीतर राम राम. आपल्याकडं गवंड्यालासुद्धा यापेक्षा लांबचं काम मिळतं.

आता आपली माणसं. सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलसनं ५२ व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय, पण एनबीएच्या नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. अमज्योत सिंग जपानमध्ये खेळून अमेरिकेच्या जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या पायरीवरच्या लीगमध्ये, ओक्लाहोमा सिटी ब्लूकडं गेला. मला मात्र सगळ्यांत शहाणी वाट गीतू अण्णा जोसची वाटते. दक्षिण रेल्वेत नोकरी, तिथून ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळली, २०११ मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या लीगच्या चाचण्या देऊन आली. निवड झाली नाही, तर परत यायला जागा होती. म्हणजे बॅग आणि नोकरीची हजेरी हे एकमेकांचे वैरी नव्हेत. आधी काय धरायचं एवढाच प्रश्न.

पैशात बॅग जिंकते, हे कबूल करतो. जी लीगमध्ये २०१८-१९ मध्येच हंगामाचे ३५,००० डॉलर झाले होते, तेही पाचेक महिन्यांचे. रेल्वेत लेव्हल २ या वेतनश्रेणीचा मूळ पगार महिना १९,९०० रुपये, वर महागाई भत्ता, घरभाडं, पास. पण गुडघा गेला तर डॉलर थांबतात, रेल्वेची हजेरी नाही. शिवाय या कोट्याच्या खुल्या भरतीला वयाची अट १८ ते २५ आहे. चार वर्षं परदेशात हात मारून आलास तर तुझ्याकडं जेमतेम एक वर्ष उरतं, हे मी त्याला बोटांवर मोजून दाखवलं.

देशातल्या लीगवर सगळं सोडायला मी तयार नाही. यूबीए ही बास्केटबॉल लीग २०१५ मध्ये आली, २०१७ नंतर बंद. आयएनबीएल ही दुसरी लीग २०२२ मध्ये सुरू झाली, बेंगळुरूचाही संघ होता. ती मिळाली तर खेळावी, पण त्यावर घर चालवायचं नाही.

सीमाभागाचा एक मुद्दा बाहेरच्यांना सांगूनही कळत नाही. आमच्या पोरांचं मन कोल्हापूर-पुण्याकडं, पण राज्य स्पर्धेत जर्सी कर्नाटकाची. निवडीला रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरून सुमारे सहाशे किलोमीटर बेंगळुरू. भाच्याला याचा राग येतो. मी म्हटलं, घरी मराठी, कचेरीत कन्नड, कोर्टवर हिंदी आणि मोडकं इंग्रजी, ही सवय तुला आयतीच लागलीय. बॅगवाल्याला याहून जास्त काय लागतं?

एजंटाला मात्र चार गोष्टी विचारायला लावल्या. तिकीट आणि राहणं कोण देणार? क्लब देत असेल तर तो करार. आपल्याकडूनच पैसे मागत असेल तर ती सहल. तुमच्याकडं फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा परवाना आहे का? भारतीय महासंघाकडून लागणारं परवानगीपत्र कोण मिळवणार? आणि पगार थकला तर फिबाच्या लवादाकडं जाता येईल असं कलम करारात आहे का? हा लवाद नेमका अशाच भांडणांसाठी २००७ मध्ये निघालाय.

पोरगा आधी हुबळीला जातोय. तिथली ट्रायल बहुधा लाकडी कोर्टवर असेल, म्हणून सिमेंटवर झिजलेले बूट घरीच ठेवायला सांगितलंय. एजंटाला चारही प्रश्न पाठवून आठवडा झाला. पहिल्या तीन प्रश्नांना त्यानं फक्त हात जोडलेलं चिन्ह पाठवलंय. चौथ्यावर विचारतोय, "लवाद म्हणजे काय?"