कुठल्या सुट्टीत कुठली नदी? तीर्थन, बरोट, लिद्दर आणि पंचेश्वर

आमच्या ठाण्यात, चरईतल्या सोसायटीत एक जण आहे. पाऊस ओसरला की रविवारी पहाटे उठून उल्हास नदीच्या काठी गळ टाकून बसतो. 2026 च्या दिवाळीसाठी त्यानं हिमाचलची तिकिटं काढली, नवा रॉड घेतला आणि सगळं झाल्यावर मला विचारलं, "दादा, ट्राउटसाठी तीर्थनला जाऊ की बरोटला?" म्हटलं, कुठेही जा, गळ पाण्यात टाकता येणार नाही. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आणि हिमाचलात ट्राउटच्या (गार पाण्यातला मासा) नद्या 1 नोव्हेंबरपासून बंद, त्या फेब्रुवारी संपेपर्यंत.

चूक त्याच्या एकट्याची नाही. आपण आधी जागा ठरवतो, मग हॉटेल आणि शेवटी मासा. गळवाल्यानं हे उलटं करायचं असतं. सुट्टी कधी मिळतेय ते आधी बघायचं, मग त्या दिवसांत कुठली नदी उघडी आहे ते. इथे चार जागा घेतो: हिमाचलातली तीर्थन नदी आणि उहल नदीवरचं बरोट गाव, काश्मीरची लिद्दर नदी, आणि उत्तराखंडात नेपाळच्या सीमेवरचं पंचेश्वर.

चेंदणी कोळीवाड्यात राहिलेल्याला हे समजवावं लागत नाही. जून-जुलैत समुद्रात बंदी, नारळी पौर्णिमेला नारळ, मग होड्या सुटतात. डोंगरातही तसंच, फक्त महिने वेगळे. ट्राउट थंडीत अंडी घालते, म्हणून तिची बंदी हिवाळ्यात. महाशीर (आपल्या घाटावरचा खडस तिचाच भाऊबंद) पावसाळ्यात नद्या चढून अंडी घालते, म्हणून तिला पावसाळ्यात हात लावायचा नाही. शिवाय तेव्हा नद्या इतक्या गढूळ असतात की लावता येतही नाही.

आता आपल्या सुट्ट्या घ्या. मे महिना, म्हणजे पोरांच्या परीक्षा संपल्यावरचा. तीर्थन आणि बरोट दोन्ही उघडे असतात, पण मेच्या उत्तरार्धात वरचं बर्फ जोरात वितळतं. सकाळी पाणी उतरलेलं आणि स्वच्छ, दुपारनंतर चढलेलं आणि दुधट. म्हणजे पहाटे साडेपाचला काठावर आणि दहाला नाश्त्याला परत. घरच्यांची झोप होईपर्यंत तुमची मासेमारी उरकलेली असते, हा फायदाच. एप्रिल मिळाला तर फारच उत्तम.

गणपतीच्या दिवसांत हिमाचलचा पाऊस अजून उतरत असतो, पण काश्मीरला पावसाळा आपल्यासारखा झोडपत नाही. लिद्दरला जूनमध्ये कोलाहोईच्या हिमनदीचं पाणी दणकून येतं, ते ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत निवळतं. तिथला हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबरअखेर. 2026 मध्ये गणपती 14 सप्टेंबरला आहेत. ज्यांचा दीड दिवसाचा, त्यांना विसर्जनानंतर दोन आठवडे मोकळे मिळतात. ज्यांचा दहा दिवसांचा, त्यांनी लिद्दरचा विचार यंदा सोडावा. आमचा पाच दिवसांचा, त्यामुळे मी कायम घाईत असतो.

दसऱ्याच्या आसपासचा ऑक्टोबर हा तीर्थन आणि बरोटचा खरा महिना. पाऊस गेलेला, पाणी काचेसारखं, थंडी सोसवेल इतकी. पण पोरांची सहामाही तेव्हाच असते. दिवाळी नोव्हेंबरात आली तर चौघांपैकी एकटं पंचेश्वर उरतं. आणि नाताळात घरी बसून रीलला तेल घालावं.

जायचं कसं, हेही लगेच सांगतो. ठाणेकरांना कल्याणहून राजधानी सोयीची. सकाळी दिल्ली, संध्याकाळी मनालीची रात्रीची बस, आणि उजाडायच्या सुमारास कंडक्टर ओरडतो "औट!" हे गावाचं नाव आहे. पहिल्या वेळी आमच्यातला एक जण झोपेत "नो बॉल" म्हणाला होता. औटच्या बोगद्याआधी उतरायचं, तिथून बंजारमार्गे गुशैणी. बरोटला दिल्लीहून मंडी किंवा जोगिंदरनगर गाठायचं, मग घटासनीच्या फाट्यावरून आत वळायचं. हा शेवटचा टप्पा अरुंद आहे आणि समोरून ट्रक आला की कोण मागे घेणार यावर चर्चा होते. लिद्दर सगळ्यात सोपी: मुंबईहून श्रीनगरला थेट विमान, पुढे पहलगामपर्यंत गाडी. पंचेश्वर सगळ्यात लांब. दिल्ली, टनकपूर, चंपावत, लोहाघाट आणि तिथून चाळीसेक किलोमीटर खाली दरीत. ठाण्याहून जायला दोन दिवस, यायला दोन. आठवड्याच्या रजेत हातात तीनच दिवस उरतात.

तीर्थन आणि बरोट यांत लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून इथे जरा थांबतो. दोन्हीकडे ट्राउट इंग्रजांनीच आणली. कुल्लूच्या बाजूला ती 1909 च्या सुमारास सोडली गेली. दोन्हीकडे ब्राउन आणि रेनबो मिळतात. ब्राउन म्हणजे अंगावर लाल-काळे ठिपके असलेली, भित्री आणि संशयी. तुमची सावली पाण्यावर पडली की दगडाखाली गेलीच. रेनबो जरा भोळी, स्पिनरवर (पाण्यात गरगरणारं चकचकीत आमिष) झेपावते. नवशिक्याला पहिली बहुधा रेनबोच लागते आणि तो घरी येऊन ब्राउन सांगतो.

तीर्थन नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून येते. 2014 पासून तो जागतिक वारसा आहे. पार्कच्या आत गळ टाकायचा नाही, मासेमारी खालच्या अंगाला, गुशैणी-नागिणीच्या पट्ट्यात. गावकरी आडवे उभे राहिले म्हणून या नदीवर जलविद्युत प्रकल्प झाले नाहीत आणि ते पाण्याकडे बघितल्यावर कळतं. मोठमोठे दगड, त्यांच्यामागे संथ डोह, मध्ये फेसाळ धार. ट्राउट त्या धारेच्या कडेला, पाणी येतं त्या बाजूला तोंड करून उभी असते, वाहून येणारं खाद्य टिपत. म्हणून खालून वर चालत यायचं, तिच्या पाठीमागून, आणि गळ तिच्या वरच्या बाजूला टाकायचा. उल्हासच्या काठी खुर्ची मांडून चिलापीची वाट बघणाऱ्याला पहिल्या दिवशी पायाचे गोळे येतात. इथे मासा तुमच्याकडे येत नाही, तुम्ही त्याच्याकडे जाता.

कुटुंबासाठीही तीर्थन बरी. होमस्टे भरपूर, जिभी जवळ, जालोरी खिंडीतून सेरोलसर तलावाची सोपी चाल आहे. मात्र गेल्या काही वर्षांत लाँग वीकेंडला दिल्लीची गर्दी होते आणि नदीकाठी स्पीकर लावणारेही भेटतात. येऊरला रविवारी जे दिसतं तेच, फक्त थंडीत.

बरोटची उहल नदी छोटी, गाव त्याहून छोटं. तिथलं पाणी बोगद्यातून डोंगरापलीकडे जोगिंदरनगरच्या शानन वीजघरात नेलेलं आहे. 1925 साली मंडीच्या राजानं करार केला आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला वीज निघाली. त्या कामासाठी डोंगरावर चढवलेली दोरखंडाची ट्रॉली अजून बघायला मिळते. गळवाल्याच्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच, की बंधाऱ्याखाली पाणी कमी, म्हणून आपण वरच्या अंगाला जायचं. जागा साधी, खोल्या स्वस्त, राजमा अप्रतिम. बायको-मुलांना दुसऱ्या दिवशी दुपारी "आता काय?" असा प्रश्न पडतो. मला पडत नाही. एकटा किंवा दोघे मित्र असाल तर मी बरोटच म्हणेन, आणि घरचे बरोबर असतील तर वाद न घालता तीर्थन.

दोन्हीकडे परवाना मत्स्य विभागाचा, रोजचा. किती मासे ठेवता येतील, किती लांबीच्या खालचा परत सोडायचा, ते त्याच्यावर असतं. वाचा. माझ्याबरोबरच्या एकानं परवाना खिशात ठेवला आणि बोटभर ट्राउट पिशवीत. राखणदारानं शांतपणे पिशवी उघडून बघितली. पुढचा अर्धा तास आम्ही सगळे फार नम्र होतो.

लिद्दरची व्यवस्था वेगळी. काश्मीरच्या नद्या बीटमध्ये वाटलेल्या आहेत. ठरावीक लांबीचा पट्टा, त्यावर मोजकेच गळवाले, आणि तो आधी नावावर करून घ्यायचा. त्यामुळे आयत्या वेळी जाऊन चालत नाही, पण एकदा बीट मिळाला की शेजारी कुणी येऊन दोऱ्यात दोरा अडकवत नाही. ट्राउटची इथली गोष्टही गमतीची आहे. 1899 साली इंग्लंडहून निघालेली अंडी वाटेतच मेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आणलेली जगली, आणि ती वाढवण्यात फ्रँक मिचेल नावाचा गालिच्यांचा कारखानदार पुढे होता. आज कोकरनागचं ट्राउट केंद्र बघायला लोक मुद्दाम जातात.

मासे म्हणाल तर चौघांत लिद्दर पहिली, आणि खर्चातही. फ्लाय फिशिंग (खोट्या माशीच्या आमिषानं मासा पकडणं) शिकायचं मनात असेल तर सरळ इथेच जा. शिकवणारे गाइड पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. पण पहलगामचं नाव काढलं की आपल्याकडे आता घरात शांतता पसरते. 22 एप्रिल 2025 ला बैसरनला जे झालं त्यात डोंबिवली आणि पनवेलच्या घरांनी माणसं गमावली, आणि त्यांना ओळखणारं कुणी ना कुणी आपल्या इमारतीत आहेच. मी कुणाला "बिनधास्त जा" म्हणणार नाही, "जाऊ नका" असंही नाही. घरच्यांशी बोला, कुठल्या जागा खुल्या आहेत ते निघण्याआधी तपासा. मन लागणार नसेल तर बीट वाया जाईल.

पंचेश्वर मात्र या तिघांच्या जातीचंच नाही. इथे ट्राउट नाही, सोनेरी महाशीर आहे. काली आणि सरयू यांचा संगम, पलीकडचा काठ नेपाळचा. फोननं तिकडचं नेटवर्क पकडलं की घड्याळ आपोआप पंधरा मिनिटं पुढे जातं आणि चहा लवकर मिळाल्यासारखा वाटतो. काली बर्फाच्या पाण्याची, गार. सरयू त्या मानानं उबदार. दोन्ही मिळतात तिथे महाशीर घोटाळते. मार्च ते मे आणि पावसानंतर नोव्हेंबरपर्यंत, हे तिचे दिवस. दरी खोल असल्यानं मेमध्ये दुपारी भाजून निघायला होतं. नोव्हेंबर सुखाचा.

ट्राउटचा नाजूक रॉड इथे न्याल तर मोडून आणाल. महाशीर गळ घेते आणि वळून थेट खालच्या धारेला धावते, रीलवरचा दोरा संपेपर्यंत. तिच्या घशात दात असतात, हलका तिहेरी गळ ती चुरडून टाकते. आणि तीन दिवसांत एकही लागली नाही, असंही होतं. माझे पहिल्या खेपेचे तीनही दिवस कोरे गेले. चौथ्या दिवशी निघायचं होतं. त्या पहाटे एक लागली, वीस मिनिटं झुंजली आणि काठाजवळ येऊन सुटली. ट्राउट खाल्लेल्या कुठल्याही दिवसापेक्षा मला ती पहाट जास्त आठवते.

ठेवायची नाहीच. सोनेरी महाशीर जागतिक यादीत संकटग्रस्त आहे, पकडायची आणि सोडायची. पाण्याबाहेर कमीत कमी वेळ, हात ओले करून, फोटो एकच. सीमाभाग असल्यानं ओळखपत्र जवळ ठेवा आणि परवान्याचं पक्कं झाल्याशिवाय कॅम्पला पूर्ण पैसे देऊ नका. इथे मोठं धरण बांधायचं भारत-नेपाळमध्ये 1996 च्या महाकाली करारापासून चाललं आहे. ते झालं तर हा संगमच पाण्याखाली जाईल.

लोक विचारतात, महाशीरसाठी इतक्या लांब कशाला, लोणावळ्याला वळवणला टाटांचं महाशीर केंद्र आहे ना? आहे, आणि काम मोठं आहे, पण ते पैदाशीचं केंद्र, गळवाल्याची जागा नव्हे. शिवाय तिथल्या आपल्या खडसाची पिल्लं कावेरीत सोडली गेली, ती तिथे इतकी फोफावली की कावेरीची स्वतःची कुबडवाली महाशीर मागे पडत गेली. चांगल्या हेतूनं केलेलं काम नदी कसं फिरवते बघा. आपल्याकडच्या बहुतेक धरणांत मासेमारीचा ठेका संस्थांकडे असतो, विचारल्याशिवाय गळ टाकला तर भांडण ठरलेलं.

खाण्याचं राहिलं. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मातकट, असं पापलेट-सुरमईवर वाढलेल्या आपल्या जिभेनं ठरवलेलं असतं. गार, वाहत्या पाण्यातल्या ट्राउटला तो वास नसतो. पण तिकडे ती लोणी-लिंबावर भाजतात आणि आपल्याला दुसऱ्या दिवशी अळणी वाटते. मी बॅगेत आगरी-कोळी मसाल्याची पुडी, आगळाची छोटी बाटली आणि तांदळाचं पीठ नेतो. गुशैणीच्या होमस्टेवाल्या ताईंनी पहिल्यांदा नाक मुरडलं होतं, दुसऱ्या खेपेला पुडी ठेवून घेतली.

रॉडसाठी महागडी केस घेऊ नका. जांभळी नाक्यावर हार्डवेअरच्या दुकानात जाड पीव्हीसी पाइप रॉडच्या मापानं कापून घ्या, दोन्ही टोकांना झाकणं लावा. विमानात तो चेक-इनमध्ये, गळ-स्पिनरही त्यातच, हातातल्या बॅगेत नाही.

शेजाऱ्यानं शेवटी हिमाचलची तिकिटं रद्द केली. दिवाळीत पंचेश्वर करू का, म्हणत होता. घरी सांगितलंस का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आधी रॉड बदलून घेतो."