बर्डीतलं कॅसेटवालं दुकान: काम मस्त, पण आधीच सांगा 'काही कापू नका'

बाबांच्या लोखंडी कपाटात सात व्हीएचएस कॅसेट पडून होत्या. व्हीसीआर भंगारात जाऊन जमाना झाला, फेकायची तर बाबांची हिंमत होत नव्हती, मग कुणीतरी सांगितलं की आपल्या नागपुरात बर्डीत (सीताबर्डीत) किल्ल्याच्या खालच्या अंगाला एका गल्लीत, वरच्या माळ्यावर, एक जण कॅसेटचं पेनड्राइव्हवर करून देतो. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही, पुढे थोडं रडगाणं आहे आणि माणूस मनाचा चांगला आहे. ज्याला जायचं त्यानं बर्डीत दोन ठिकाणी विचारलं तरी सापडेल.

रेट एका कॅसेटचे 350. चार दिवस सांगितले, तेरा लागले. गाडी मात्र खाली लावू नका, उचलून नेतात.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. दुकानदार काकाजी साठीच्या पुढचे, आधी लग्नाची शूटिंग करायचे. आमच्या दोन कॅसेटला बुरशी होती, खिडकीतून पाहिलं तर टेपच्या कडेला पांढरी पूड दिसायची. त्यांनी ती तशीच मशीनमध्ये नाही घातली. मागचे पाच स्क्रू काढले, झाकण उघडलं, दोन्ही चकऱ्या उचलून दुसऱ्या कोऱ्या खोक्यात बसवल्या आणि मऊ कापड धरून हातानं हळूहळू फिरवत टेप पुसली. म्हणाले, "अशी कॅसेट डायरेक्ट लावली ना भाऊ, तर मशीनचं हेड जाते, मंग तुमचीही गेली अन् पुढच्या दहा लोकायचीही." वर ही कामं घाईनं होतच नाहीत, तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, तिला पळवता येत नाही. तेरा दिवसांचा राग तिथंच अर्धा उतरला.

आता कॅसेटमध्ये काय होतं ते सांगतो म्हणजे पुढची तक्रार समजेल. तीनांमध्ये चोप्रांचं महाभारत, 1988 च्या 2 ऑक्टोबरला सुरू झालं ते, दर रविवारी सकाळी बाबा बटण दाबून बसायचे, एका कॅसेटमध्ये चार भाग. दोन भारत एक खोजच्या. एक 'स्वामी' मालिकेची, मुंबईच्या आत्यानं तिकडून रेकॉर्ड करून पाठवलेली, रवींद्र मंकणी माधवराव पेशवे अन् मृणाल देव रमाबाई. (माधवरावांच्या गोष्टीत आम्हा नागपूरकरांची बाजू तशी वाईटच, 1763 ला निजामासोबत पुण्यावर चालून गेलेले जानोजी भोसले आमचेच. पण 1817 ला याच सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली त्यावर मालिका मी तरी पाहिली नाही, पेशव्यांच्या दहा पाहिल्या.) आणि सातवी कॅसेट बाबांच्या मित्रानं शूट केलेली 1993 ची मारबत, म्हणजे आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला निघते ती पुतळ्यांची मिरवणूक.

पेनड्राइव्ह घरी आणला, टीव्हीला लावला, आणि बाबा पाचच मिनिटांत उठून बसले. आत्याच्या कॅसेटमधल्या रमाबाई आडव्या फुगलेल्या! जुनं चित्र चौकोनी असते, दुकानातल्या पोरानं ते ताणून नव्या टीव्हीच्या मापाचं केलं होतं. पण ते तर काहीच नाही. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या त्याच पोरानं सगळा 'कचरा' कापून टाकला होता. जाहिराती गेल्या, भागाच्या आधी बोलणारी निवेदिका गेली, 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी गेली. मारबतीच्या कॅसेटमध्ये तर मिरवणूक यायच्या आधीचा अर्धा तास गेला, ज्यात इतवारीतली दुकानं, हातानं रंगवलेले बोर्ड, लुना, लाकडी नंदीबैल ओढत तान्ह्या पोळ्याला निघालेली पोरं आणि ओट्यावर बसलेली आमची आजी होती.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊनच गेलो. पोरगं म्हणते, "काकाजी, त्याच्यात काहीच होऊन नव्हतं राहिलं, नुसते लोकं उभे होते." बाबा म्हणाले, "अबे, तेच तर पाहाचं होतं!"

काकाजींनी पोराला झापलं नाही, उलट स्वतः खुर्चीवर बसून हार्ड डिस्क धुंडाळली. मारबतीची मूळ फाइल सापडली. ती लावली आणि मग अर्धा तास दुकानाचं काम बंद, दोघं म्हातारे स्क्रीनला चिकटले. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 ची, काळी म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसले घराण्यातली बाकाबाई असं लोक सांगतात, हे मला काकाजींनी पॉज करून करून सांगितलं. मागून महागाईचा बडग्या, म्हणजे पुतळा, आला, त्याच्या गळ्यात कांद्याची माळ, आणि पब्लिकचा आवाज, "घेऊन जाय गे मारबत!" कॅमेरा हलला आणि दोन सेकंद आजी दिसली, पदर सावरत. बाबा काही बोलले नाही. काकाजींनी न सांगता मागे घेऊन परत लावलं.

एक्स्ट्रा पैसे घेतले नाही, रमाबाईही सरळ करून दिल्या. पण महाभारताच्या मूळ फाइली पोरानं जागा कमी पडली म्हणून आधीच उडवल्या होत्या, म्हणून ते तिन्ही परत उतरवायला टाकले. नऊ तास. या वेळी बाबा म्हणतात मी तिथंच बसतो. काकाजी म्हणाले या, पण स्टूल घरून आणा, इथं एकच खुर्ची आहे.