मायक्रोटिक हेक्स राउटर: नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या छोट्या युनिटला पुरतो का?

हेक्स (आरबी७५०जीआर३) घ्यायचा की नाही, हे खोक्यावरच्या ‘गिगाबिट’वरून ठरवू नका. सेकंदाला पॅकेट (डेटाचे तुकडे; तारेवर जाताना त्यांनाच फ्रेम म्हणतात) किती, ते मोजा. गिगाबिट लाइन भरायला १५१८ बाइटच्या सुमारे ८१ हजार फ्रेम लागतात, ६४ बाइटच्या मात्र १४.८८ लाख. आतला एमटी७६२१ए प्रोसेसर ८८० मेगाहर्ट्झचा: दोन कोअर, चार थ्रेड. म्हणजे एका कोअरला मोठ्या फ्रेममागे साधारण १०,८०० सायकल (प्रोसेसरचे ठोके) मिळतात, छोट्या फ्रेममागे जेमतेम ५९०. तेवढ्यात फायरवॉल (वाहतुकीची छाननी), नॅट (पत्ते बदलणं) आणि क्यू (वेगाची मर्यादा) उरकणं कठीण.

सुदैवाने वर्कशॉपचा भार असा नसतोच. ४ एमबीपीएसचे १६ कॅमेरे बाहेर पाठवले तरी पॅकेट सहा हजारांच्या आतच. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डर) त्याच ब्रिजवर (राउटरच्या एकत्र जोडलेल्या पोर्टांवर) असेल तर स्विच चिपच ते परस्पर हलवते, सीपीयूला पत्ताही लागत नाही. दहा जी.७११ (इंटरनेट फोनचं एक ऑडिओ स्वरूप) कॉलचे दोन्ही दिशांचे मिळून फक्त हजार.

घोळ होतो फास्टट्रॅकपाशी, म्हणजे चालू जोडण्यांची बरीचशी तपासणी टाळणाऱ्या राउटरच्या शॉर्टकटपाशी. तो चालू असला की वेग झकास, पण त्या जोडण्या सिंपल क्यूला वळसा घालून जातात. मग ‘अकाउंट्सला १० एमबीपीएस’ ही मर्यादा कागदावरच राहते. फास्टट्रॅक काढला की सगळा भार सीपीयूवर येतो. २००-३०० एमबीपीएसच्या लाइनवर हे खपतं. पूर्ण गिगाबिट आणि क्यू दोन्ही हवं असेल तर वरचं मॉडेल बघा.

पुण्याच्या ऑफिसशी आयपीसेक (इंटरनेटवरून एन्क्रिप्ट केलेला टनेल) जोडताना एन्क्रिप्शनसाठी एईएस-सीबीसी आणि पडताळणीसाठी शा-२५६ निवडा. एईएसच्याच जीसीएम प्रकाराला या चिपवर हार्डवेअरची मदत नाही. आयपीसेकची वाहतूक फास्टट्रॅकमधून वगळा, नाहीतर टनेल ‘अप’ दिसतो आणि फाइल मात्र रखडते. वायरगार्ड हा दुसरा टनेल-प्रकार सोपा आहे, पण त्याचं एन्क्रिप्शन सगळं सीपीयूवर.

वेग तपासायला राउटरमधलंच बँडविड्थ टेस्ट वापरू नका, ते स्वतःच सीपीयू खातं. दोन बाजूंना दोन लॅपटॉप लावून आयपर्फ३ (वेग मोजायचं सॉफ्टवेअर) चालवा, आधी एका स्ट्रीमने, मग चार. एकूण सीपीयू २५ टक्के दिसूनही वेग अडलेला असेल, तर एक थ्रेड पूर्ण भरलाय असं समजा. राउटरच्या प्रोफाइल टूलमध्ये प्रत्येक सीपीयू वेगळा पाहिला की खात्री पटते.

फ्लॅश (साठवणुकीची जागा) फक्त १६ एमबी. राउटरओएस ७ (राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम) अपडेट करताना जागा कमी पडते, म्हणून जादा पॅकेज आधी काढा. पीओई (नेटवर्क केबलमधून वीज) पॅसिव्ह आहे, म्हणजे आधी तपासणी न करता थेट वीज घेतो, ८ ते ३० व्होल्ट. कॅमेऱ्यांच्या ४८ व्होल्ट पॅसिव्ह इंजेक्टरला चुकूनही जोडू नका.