गाडीच्या एसीचा मंदावलेला वारा: कॉइलची सफाई आणि कार्बनचा केबिन फिल्टर, नऊ महिन्यांचा अनुभव

माझी गाडी २०१५ सालची पेट्रोल हॅचबॅक असून ती मी २०२१ मध्ये जुन्या मालकाकडून घेतली. जळगाव ते भुसावळ हा माझा रोजचा प्रवास आहे. गेल्या एप्रिलमध्ये, उन्हाचा पारा चव्वेचाळीसच्या आसपास असताना, ब्लोअर, म्हणजे हवा आत ढकलणारा पंखा, चौथ्या टप्प्यावर ठेवूनही मागच्या आसनावर बसलेल्या आईपर्यंत वारा पोहोचेनासा झाला. गॅरेजमध्ये गॅस कमी असल्याचे सांगण्यात आले आणि मी दीड हजार रुपये देऊन तो भरून घेतला. हवा थोडी अधिक गार झाली, परंतु तिचा जोर मात्र होता तेवढाच राहिला.

येथेच माझी समजूत चुकली होती. गॅस आणि कॉम्प्रेसर यांचा संबंध हवेच्या गारव्याशी आहे. हवा किती जोरात येते हे ब्लोअर, आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर, हवा गार करणारी कूलिंग कॉइल आणि हवेची दिशा बदलणाऱ्या आतल्या झडपा ठरवतात. त्यामुळे एसीचे बटण बंद ठेवून नुसता ब्लोअर पूर्ण वेगाने चालवावा, आणि तरीही वारा मंदच असेल तर गॅसवर एक रुपयाही खर्च करू नये. याला एक अपवाद आहे. माझ्या मेहुण्यांच्या गाडीत सुरुवातीला वारा उत्तम येई, अर्ध्या-पाऊण तासाने तो मंदावे आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पूर्ववत होई. तेथे कॉइलवर बर्फ जमत होता. गॅस कमी झाल्याने असे होऊ शकते. त्यांच्या बाबतीत कॉइलचे तापमान मोजणारा सेन्सर बिघडलेला निघाला.

माझ्या गाडीत मात्र वारा पहिल्या मिनिटापासूनच मंद होता. ब्लोअरचा आवाज चारही टप्प्यांवर बदलत होता, म्हणजे पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर ठीक होता. तो जळाला की बहुतेक साध्या गाड्यांत पंखा फक्त शेवटच्या टप्प्यावर चालतो. काचेवर किंवा पायांकडे वारा सोडून पाहिला तरी तो तितकाच कमी होता, म्हणजे झडप अडकून हवा भलतीकडे जात नव्हती. आवाज भरपूर आणि वारा थोडा, याचा सरळ अर्थ वाटेत काहीतरी तुंबले आहे असा होतो.

ग्लोव्ह बॉक्स उतरवून फिल्टर बाहेर काढला, तेव्हा त्याच्या घड्यांमध्ये महामार्गाच्या कामाची धूळ आणि कापसाचे तंतू यांचा नमद्यासारखा थर बसलेला होता. आमच्या भागात जिनिंग गिरण्या पुष्कळ असल्याने तंतूंचे मला आश्चर्य वाटले नाही. त्यानंतर जी चाचणी केली ती मला सर्वांत उपयोगी वाटते: फिल्टर न बसवता, गाडी सावलीत उभी करून, एक मिनिट ब्लोअर चालवला आणि झरोक्यापुढे पातळ कागदाची पट्टी धरली. फिल्टरच नसताना पट्टी आडवी उडायला हवी होती, पण ती जेमतेम अर्धी उचलली गेली. अडथळा फिल्टरच्याही पुढे, कॉइलवर होता. जुन्या मालकाने काही काळ गाडी फिल्टरविना चालवली असावी, कारण एसी चालू असताना कॉइल ओली असते आणि न गाळलेली धूळ तिच्या बारीक पात्यांवर चिखलासारखी चिकटून वाळते.

फिल्टरच्या खाचेतून फवारायचा फेस मी आधी वापरून पाहिला. त्याने कुबट वास गेला, पण वाऱ्यात फरक पडला नाही. थर जाड झाल्यावर या उपायाचा उपयोग होत नाही, असे माझे मत आहे. शेवटी एसीचेच काम करणाऱ्या एका कारागिराकडून डॅशबोर्ड उतरवून कॉइल बाहेर काढून धुतली. संपूर्ण दिवस लागला आणि ३,८०० रुपये खर्च आला. कॉइल काढण्यासाठी नळ्या सोडवाव्या लागतात, म्हणून गॅस पुन्हा भरणे आणि जोडांवरील रबरी रिंगा बदलणे त्यात आलेच. जुना गॅस यंत्राने काढून घेणारा कारागीरच मी मुद्दाम शोधला होता, कारण आर-१३४ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो आणि तो हवेत सोडून देणे मला पटत नाही.

मे महिन्यात नवा, वास शोषणारा कार्बनयुक्त फिल्टर बसवला. त्याच्या कडेवरील बाण हवेच्या दिशेने असावा लागतो, हे बसवण्यापूर्वी पाहून घ्यावे. पावसाळ्यात त्याने मला पूर्ण समाधान दिले: ट्रकच्या धुराचा वास जवळजवळ येईनासा झाला, आणि वाऱ्याला जोर आल्यामुळे काचेवरचे धुके पूर्वीपेक्षा लवकर निघू लागले. ऑक्टोबरनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला आणि डिसेंबरमध्ये कागदाची पट्टी पुन्हा खाली झुकू लागली. फिल्टर काढून हलकेच झटकला, त्याने काही आठवडे निभावले. गॅरेजमधील एअर कॉम्प्रेसरची दाबाची हवा जवळून मारल्यास किंवा कागदी फिल्टर धुतल्यास त्याचे तंतू फाटतात, म्हणून ते मी टाळले. वेष्टनावर १०,००० ते १५,००० किलोमीटरचे आयुष्य छापलेले होते. माझ्या रस्त्यावर ते ७,००० किलोमीटरच भरले.

जानेवारीत मी साधा, कार्बन नसलेला फिल्टर बसवला. त्याची किंमत निम्मी आहे आणि त्यातून वारा किंचित अधिक येतो, मात्र धुराचा वास परत आला आहे. धुळीच्या रस्त्यावर साधा फिल्टर लवकर लवकर बदलणे मला अधिक योग्य वाटते. शहरातील गर्दीत, सतत वाहनांच्या मागे थांबावे लागत असेल, तर कार्बनचे जादा पैसे देण्यासारखे आहेत.

सध्या ब्लोअर दुसऱ्या टप्प्यावर असतानाही आईला मागे वारा लागतो. बाहेरची हवा आत घेणाऱ्या वायपरखालच्या जाळीत साचणारा पालापाचोळा मी दर पंधरवड्याला काढतो, आणि एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकते की नाही हेही पाहतो. ते ठिबकणे थांबले तर निचऱ्याची नळी तुंबली असण्याची शक्यता असते आणि ते पाणी पायांखालच्या चटईत उतरते.