सोरोरिटीतील पहिली संध्याकाळ: ओळखीसाठी कोणता खेळ निवडावा?

अमेरिकी विद्यापीठांतील सोरोरिटीमध्ये, म्हणजे विद्यार्थिनींच्या भगिनीसंस्थेत, नव्या मुली दाखल होतात तेव्हा भरतीच्या फेऱ्यांमध्ये त्यांनी नाव, गाव आणि विषय इतक्यांदा सांगितलेला असतो की तीच ओळख पुन्हा करून घेणारा कोणताही खेळ त्यांना नकोसा होतो. त्यामुळे पहिल्या निवांत संध्याकाळसाठी खेळ निवडताना तो किती गमतीदार आहे यापेक्षा, एकेका मुलीला सगळ्यांच्या नजरेसमोर किती वेळ उभे राहावे लागते आणि उशिरा आलेलीला त्यात सामील होता येते का, हे आधी पाहावे.

‘दोन खऱ्या, एक खोटी’ या खेळाला काहीच तयारी लागत नाही. प्रत्येकीने स्वतःविषयी तीन विधाने करायची आणि खोटे कोणते ते इतरांनी ओळखायचे. मात्र तीस मुली एकाच वर्तुळात बसल्या आणि प्रत्येकीला दोन मिनिटे दिली, तर एक तास जातो व निम्म्या वेळानंतर कोणी कोणाचे ऐकत नाही. पाच-सहा जणींच्या गटात हाच खेळ तासाऐवजी दहा-बारा मिनिटांत संपतो आणि खुलतोही. कोल्हापूरकडची एखादी मुलगी ‘माझ्या आजोळी गुऱ्हाळ आहे’ असे म्हणाली, तर गुऱ्हाळ म्हणजे काय इथपासून प्रश्न सुरू होतात. खरे-खोटे बाजूला राहते आणि गप्पा पुढे जातात. ‘मला कॉफी आवडते’ छापाच्या विधानांनी हे साधत नाही, म्हणून सुरुवात एखाद्या बोलक्या ज्येष्ठ मुलीने करावी.

ओळखीच्या बिंगोच्या तयारीला उलट आधी तासभर बसावे लागते. पाच गुणिले पाच चौकटींचा कागद, मधली चौकट मोकळी आणि उरलेल्या २४ चौकटींत वर्णने. त्या वर्णनात बसणारी मुलगी शोधून तिची सही घ्यायची. सगळी मदार या वर्णनांवर असते. ‘जिच्याकडे फोन आहे’ हे कोणालाही लागू पडते. ‘जिला हाताने गियर बदलायची गाडी चालवता येते’ किंवा ‘जिच्या घरी आजी राहते’ हे विचारल्याशिवाय कळत नाही. एका मुलीची सही एकदाच, हा नियम नसेल तर जुन्या मैत्रिणी एकमेकींचे कागद भरून मोकळ्या होतात. पहिल्या येणारीला बक्षीस ठेवले की नुसती सह्यांची पळापळ होते, तेव्हा ते टाळावे. कोणालाही एकटीने सर्वांसमोर बोलावे लागत नाही आणि मागाहून आलेलीच्या हाती कागद दिला की काम भागते, हे याचे मोठे बळ आहे.

‘मी कधीच केलेले नाही’ हा खेळ मी सुचवणार नाही. त्यात एकीने आपण कधीच न केलेली गोष्ट सांगायची आणि जिने ती केली असेल तिने घोट घ्यायचा. तो बहुधा मद्याच्या घोटांसह खेळला जातो, आणि अमेरिकेत मद्यासाठी वयाची अट २१ आहे, तर नव्या मुली बहुतेक १८-१९ वर्षांच्या असतात. सरबतावर खेळला तरी विधाने लवकरच प्रेमप्रकरणांकडे वळतात आणि ज्येष्ठांसमोर बसलेल्या नव्या मुलीला ‘मला सांगायचे नाही’ म्हणणे जड जाते. नवागतांच्या छळाच्या घटनांची नोंद विद्यापीठांनी जाहीर करावी, असा संघीय कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झाला. त्या सीमेच्या जवळपास जाण्याचे कारणच नाही. हात गुंफून गाठ सोडवण्याचा खेळ शिबिरात बरा. सणासुदीचे कपडे घालून आलेल्या मुलींना तो अवघडवतो, शिवाय काही गाठी हात सोडल्याखेरीज सुटतच नाहीत.

दक्षिण आशियाई मुळे असलेल्या सोरोरिटींमध्ये, उदाहरणार्थ १९९८ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात स्थापन झालेल्या डेल्टा फाय ओमेगामध्ये, अंताक्षरीची सूचना सहज पुढे येऊ शकते. पण तमिळ घरात वाढलेल्या किंवा अमेरिकेतच जन्मलेल्या मुलीला हिंदी गाणी येतीलच असे नाही. ओळख झाल्यावर, मिश्र संघ पाडून, ती जरूर खेळावी.

वीसहून अधिक मुली असतील तर दारातच बिंगोचे कागद द्यावेत आणि जेवणानंतर, ज्येष्ठ व नव्या मिसळून केलेल्या लहान गटांत, ‘दोन खऱ्या, एक खोटी’ घ्यावा. दहाच्या आत असतील तर बिंगोच्या चौकटी भरण्याइतकी माणसेच नसतात. तेव्हा थेट ‘दोन खऱ्या, एक खोटी’कडे वळावे.